कॅलिफोर्नियात टेनिस शिष्यवृत्ती: आधी कॉलेज कोणत्या गटातलं ते विचारा

प्रश्न: मुलगी 11वी सायन्सला आहे, नाशिकमध्ये टेनिस खेळते. 'कॅलिफोर्नियातल्या कुठल्याही कॉलेजात खेळावर पूर्ण शिष्यवृत्ती मिळते,' असं एक एजंट म्हणतो. त्याची फी भरावी का?

उत्तर: ताई, भरू नका. 'कुठल्याही कॉलेजात' इथेच खोट आहे. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना एनसीएए कॉलेजांचे तीन गट (डिव्हिजन) करते; पोमोना-पिट्झर, कॅलटेक हे संघ तिच्या डिव्हिजन थ्रीमध्ये खेळतात. तिथे खेळाच्या नावावर एक डॉलर मिळत नाही. कॅलिफोर्नियातल्या सरकारी कम्युनिटी कॉलेजांची (दोन वर्षांची कॉलेजं) संघटना वेगळी, आणि तिच्याकडेही क्रीडा शिष्यवृत्तीला मनाई. टेक्सास, कॅन्ससच्या ज्युनियर कॉलेजांत (तीही बारावीनंतरची दोन वर्षांची कॉलेजं, आपली 11वी-12वी नव्हे) ती मिळते, म्हणून हा घोळ होतो. पैसा आहे तो स्टॅनफर्ड, यूसीएलए, पेपरडाइनसारख्या डिव्हिजन वनमध्ये आणि थोडा डिव्हिजन टूमध्ये. टूमध्ये मुलींच्या टेनिस संघाला जास्तीत जास्त 6 पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम असते आणि प्रशिक्षक ती तुकड्यांत वाटतात. म्हणून 'शिष्यवृत्ती आहे का' एवढंच विचारू नका. 'वर्षाच्या एकूण खर्चातले किती डॉलर' ते लेखी घ्या.

आपल्या मुलांचं घोडं बहुतेकदा मार्कशीटवर अडतं. डिव्हिजन वन आणि टूसाठी 9वी ते 12वीतले 16 मुख्य विषय मोजतात. त्यांत सामाजिक शास्त्रांची, म्हणजे इतिहास-भूगोलासारख्या विषयांची, दोन वर्षं हवीत. सायन्सला इतिहास-भूगोल सुटतो, त्यामुळे 9वी-10वीचे तेच गुण कामी येतात. 9वीची मार्कशीट शाळेतून आजच सही-शिक्क्यासह घ्या. आणि 12वीनंतर जेईईसाठी ड्रॉप घेऊन स्पर्धा खेळत राहणं टाळा. त्यात खेळण्याची पात्रताच कमी होऊ शकते.

10वीनंतरच्या 15 जूनपासून डिव्हिजन वनचे प्रशिक्षक ईमेलला उत्तर देऊ शकतात, म्हणजे तुमच्या मुलीला आत्ताच. मेल मुलीनेच लिहावा: यूटीआर (टेनिसमधलं आंतरराष्ट्रीय रेटिंग), 12वीचं वर्ष, गुण आणि व्हिडिओची लिंक. मोबाइल बेसलाइनमागच्या जाळीला उंचावर बांधा, पूर्ण कोर्ट दिसू दे. तोडीच्या खेळाडूविरुद्धचा एक सेट न कापता द्या. गाणी लावून जोडलेले विनर्स प्रशिक्षकांच्या उपयोगाचे नसतात. गुण गमावल्यावर पाय कसे हलतात, ते त्यांना बघायचं असतं.

कम्युनिटी कॉलेजचा रस्ता मात्र वाईट नाही. दोन वर्षं खेळून, 60 क्रेडिट पूर्ण करून यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) डेव्हिस किंवा अर्वाइनला जाता येतं. विषय आणि गुणांच्या अटी पाळल्या तर काही शाखांत प्रवेशाची हमीही असते. पण ती दोन वर्षं फी, घरभाडं, विमा सगळं तुमच्या खिशातून, तेही परदेशी विद्यार्थ्याच्या दराने. जमत असेल तरच तो पर्याय धरा.