अंबू दाबताना स्क्रीनकडे कधी बघायचं

अंबू म्हणजे रुग्णाला श्वास देण्यासाठी हाताने दाबायची, मास्क जोडलेली बॅग. तिला हवा आणि वेग मोजून स्क्रीनवर दाखवणारं फीडबॅक यंत्र लावलंस, चांगलं केलंस. पण आधी मास्क नीट बसव. सेन्सर मास्क आणि बॅगच्या मध्ये असतो. आत गेलेली आणि परत आलेली हवा यांत मोठा फरक दिसला की बहुतेक वेळा मास्क गळतोय. अशा वेळी नवखे बॅग आणखी जोरात दाबतात, आणि हवा पोटात जाते. त्यापेक्षा जबडा वर उचल, मास्कवर दोन्ही हात ठेव आणि बॅग दुसऱ्याला दाबू दे.

मोठ्यांची बॅग साधारण दीड लिटरची असते, हवे असतात 500 ते 600 मिली. म्हणजे पूर्ण पिळायची नाहीच. एका सेकंदात हलकेच दाब, छाती जेमतेम उचलली की सोड. नाडी चालू असेल तर दर 6 सेकंदांनी एक श्वास.

घाईत हात आपोआप वेगाने चालतो, अगदी मुरलेल्यांचाही. त्यामुळे छातीतला दाब वाढून हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. यंत्राचा खरा उपयोग इथेच, वेगाला लगाम घालायला. आकडा बरोबर आणि छाती हलत नसेल, तर मात्र छातीवर विश्वास ठेव.