जुन्या गाडीचा एसी आणि नवा गॅस

प्रश्न : माझ्याकडे 1992 सालची एसी असलेली मारुती 800 आहे. तिच्यातील आर-12 गॅस गळून गेला आहे. एक मेकॅनिक म्हणतात, त्याजागी आर-134ए भरला की काम भागेल. दुसरे मात्र संपूर्ण यंत्रणाच बदलायला सांगतात. कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : पहिल्यांचे मुळीच ऐकू नये आणि दुसऱ्यांचे अर्धेच ऐकावे. ओझोनचा थर वाचवण्यासाठी 1987 मध्ये झालेल्या मॉन्ट्रियल करारामुळे आर-12 बाजारातून गेला, तेव्हा गॅस बदलणे भागच आहे. परंतु खरी अडचण गॅसची नसून तेलाची आहे. आर-12 सोबत वापरले जाणारे खनिज तेल आर-134ए मध्ये मिसळत नाही, त्यामुळे ते कॉइलमध्येच साचून राहते आणि कंप्रेसर कोरडा पडून जाम होतो. म्हणून जुने तेल काढून, कॉइल व पाइप फ्लश करून एस्टर तेल घालावे. खनिज तेलाचा थोडा अंश मागे राहिला, तरी एस्टर तेल निभावून नेते. आर-134ए सोबत चालणारे दुसरे तेल, पीएजी, तितके सोशिक नसते.

ड्रायर नवाच बसवावा, कारण जुन्या ड्रायरमधील ओलावा शोषणारे दाणे या गॅसमध्ये टिकत नाहीत. उघडलेल्या प्रत्येक सांध्याची ओ-रिंगही बदलावी. अर्थात, मूळ गळती नायट्रोजनच्या दाबाने शोधून काढल्याखेरीज यातले काहीच करू नये. कंप्रेसर सुस्थितीत असेल, तर तो बदलण्याचे कारण नाही.

गॅस वजन करूनच भरून घ्यावा. आर-12 च्या मूळ प्रमाणाच्या 80 ते 90 टक्के पुरतो. उदाहरणार्थ, मूळ प्रमाण 700 ग्रॅम असेल, तर 560 ते 630 ग्रॅम. ड्रायरवरील काचेतले बुडबुडे नाहीसे होईपर्यंत गॅस सोडत राहण्याची आपल्याकडील पद्धत आर-12 ला ठीक होती. या गॅसला ती लावली की भरणा जास्त होतो, दाब चढतो आणि थंडावा उलट कमी होतो. स्वस्तात मिळणारे एलपीजीच्या जातीचे गॅस मात्र घेऊ नयेत, ते ज्वालाग्राही असतात.

एवढे करूनही मे महिन्यात मिरजेच्या रस्त्यावर गाडी खोळंबली की हवा कोमट येऊ लागली, तर कंडेन्सरपुढे (गरम गॅस थंड करणाऱ्या जाळीपुढे) जादा पंखा लावावा. पॅरलल-फ्लो प्रकारच्या, म्हणजे एकाच वेळी अनेक बारीक नळ्यांतून गॅस नेणाऱ्या, कंडेन्सरचा खर्च त्यानंतरच विचारात घ्यावा.