तरणा, दांडगा आणि पट्टा ओढणारा

या खेपेला नागपुरातून आलेले जवळपास सगळे प्रश्न एकाच वयाच्या कुत्र्यांबद्दल आहेत: सात-आठ महिने ते दोन वर्षं, वजन तीस किलोच्या आसपास किंवा वर, आणि घरातल्या माणसांना आता आवरेनासे झालेले.

आमचा रॉटवायलर दहा महिन्यांचा, ३८ किलोचा आहे. पाच महिन्यांचा होता तोवर सगळं ऐकायचा, आता ऐकूनच नाही राहिला. सोफ्यावरून उठवलं की भुंकतो, दारातून आपणच आधी निघतो, पाहुण्यांच्या पायावर चढतो. ट्रेनर म्हणतात, तो स्वतःला मालक समजून राहिला. रोज उताणा पाडून दाबून धरा. करावं का? (मनीषनगर)

नाही. हे आजच थांबवा. ३८ किलोच्या रॉटवायलरला जबरदस्तीने उताणं पाडणारा माणूस आपला चेहरा त्याच्या दातांपासून वीतभर अंतरावर नेतो. घाबरलेला कुत्रा त्या क्षणी चावला, तर दोष त्याचा नसतो.

या सल्ल्यामागची कल्पना जुनी आहे. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांच्या भांडणांवर लिहिलं आणि त्यातून ‘कळपाचा दादा’ ही समजूत रुजली. ती लोकप्रिय करणाऱ्यांपैकी एक, लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच, यांनीच १९९९ मध्ये रानातल्या लांडग्यांच्या निरीक्षणावरून ती दुरुस्त केली. रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. तिथे सत्तेसाठी रोज कुस्ती चालत नाही. आणि तुमचा कुत्रा लांडगाही नाही.

तो दारातून आधी निघतो, कारण बाहेर वास आहेत. पायावर चढतो तो बहुतेकदा उत्तेजनेमुळे. सोफ्यावरून त्याला उठायचं नसतं, कारण सोफा मऊ आहे आणि उठल्यावर त्याला काहीच मिळत नाही. शिवाय हे त्याचं पौगंड आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पाच महिन्यांच्या वयात मालकाचं ऐकणारी कुत्री आठव्या महिन्यात त्याच मालकाचं कमी ऐकताना दिसली, अनोळखी माणसाचं मात्र ऐकत होती. तुमचा कुत्राही याच वयाच्या आसपासचा आहे. हा काळ सरतो, पण तोवर मारझोड झाली तर भीती मागे राहते.

सोफ्यावरून गळपट्टा धरून ओढू नका. ‘खाली’ म्हणा, उकडलेल्या चिकनचा तुकडा जमिनीवर टाका, उतरला की शाबासकी द्या. दारापाशी बसल्याशिवाय दार उघडायचं नाही. उठला की दार बंद. पाहुणे येताना पट्टा लावून बाजूला ठेवा आणि चारही पाय जमिनीवर असतील तेव्हाच त्यांना हात लावू द्या. आणि घरात एक बैठक घेऊन शब्द ठरवा. आजोबा ‘बस’, आई ‘बैठ’ आणि पोट्टे ‘सिट’ म्हणत असतील, तर तो ऐकत नाही असं म्हणण्याआधी आपण एका भाषेत बोलूया.

मी ६२ वर्षांची. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, त्याचा चौदा महिन्यांचा लॅब्राडोर माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात त्याने ओढलं आणि माझा खांदा दुखावला. सध्या चोक चेन (ओढलं की गळ्याभोवती आवळणारी साखळी) आहे; दुकानदार आता काट्यांचा पट्टा घ्या म्हणतात. (धरमपेठ)

ताई, आधी खांदा बरा होऊ द्या. तोवर फिरवायला दुसरं कुणी शोधा. कुणीच नसेल, तर काही दिवस तो फिरायला गेला नाही म्हणून काही बिघडत नाही. शी-शूसाठी अंगण पुरेल, आणि त्याचं जेवण अंगणात विखरून टाका, शोधू दे. अर्धा तास नाक चालवलेला कुत्रा चांगलाच थकतो.

काट्यांचा पट्टा घेऊ नका, चोक चेनही काढा. दोन्ही दुखवून चालतात. चोक चेनने श्वासनळीला इजा होऊ शकते. शिवाय समोर दुसरा कुत्रा दिसला की दर वेळी गळा दुखतो, हे कुत्र्याला पटकन कळतं. मग तो त्या कुत्र्यावरच चिडायला लागतो. विजेचा झटका देणारी शॉक कॉलरही याच जातीची. वेल्समध्ये तिच्यावर २०१० पासून बंदी आहे.

तुमच्यासाठी हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी अंगावर घालायचा पट्टा, योग्य; तोही छातीवर कडी असलेला. पाठीवर कडी असली की कुत्रा सगळं वजन पुढे टाकून ओढू शकतो. पट्टा छातीवरच्या कडीला लावला की ओढताच त्याचं अंग तुमच्याकडे वळतं आणि जोर मोडतो. समोरून इंग्रजी ‘वाय’सारखा दिसणारा घ्या, म्हणजे खांदे मोकळे राहतील. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, काखेत घासू नये. कुत्र्याला दुकानात नेऊन घालून बघा, नुसत्या वजनावरून माप घेऊ नका. हार्नेसची कडी साध्या गळपट्ट्याला एका छोट्या दुव्याने जोडून ठेवली, तर एक निसटलं तरी दुसरं धरतं.

तोंडावरून जाणारा हेड हॉल्टर कमी ताकदीच्या माणसाला खूप उपयोगी पडतो, पण त्याची सवय खाऊ देत हळूहळू लावावी लागते. झटका मात्र कधीच द्यायचा नाही, मान दुखावते. हेड हॉल्टरला लांब दोरीही लावू नका.

हातातला पट्टा पाच-सहा फुटांचा, इंचभर रुंद, कापडी किंवा चामड्याचा असावा. साखळी हात सोलते. बटण दाबून लांब-आखूड होणारा पट्टा एवढ्या कुत्र्याला अजिबात नको. पट्टा मनगटाभोवती गुंडाळू नका. फासात अंगठा घालून मूठ मिटा. आणि पायात चपला नकोत, बूट घाला.

आता खरं काम. हार्नेस फक्त धरतो, शिकवत नाही. पट्टा ताणला की उभं राहायचं, सैल झाला की चालायचं, तो तुमच्या गुडघ्याजवळ आला की तिथेच खाऊ द्यायचा. आधी घरात, मग अंगणात, मग रिकाम्या गल्लीत. फुटाळा तलावावरची गर्दी सगळ्यात शेवटी.

दिवसभर गेटला साखळीने बांधून ठेवला तर माज उतरेल का? (प्रतापनगर)

वाढेल. बांधलेल्या कुत्र्याला समोरून जाणाऱ्यापासून दूर जाता येत नाही, म्हणून तो अंगावर धावायला शिकतो. आखूड किंवा जड साखळीने गैरवाजवी काळ बांधून ठेवणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हाही आहे.

गल्लीतली कुत्री दिसली की आमचा दोन वर्षांचा डोबरमॅन वेडा होतो. मुसकं बांधावं का? (नंदनवन)

बांधा, पण पिंजऱ्यासारखं, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल असं. तोंड घट्ट मिटवणारं कापडी मुसकं फिरायला नेताना वापरू नका. कुत्रा धापा टाकूनच अंग थंड करतो, आणि आपल्या गावच्या उन्हात त्याचं धापा टाकणं बंद करणं जिवावर बेतू शकतं. मुसक्यात आधी आठवडाभर खाऊ ठेवून ते आवडतं करून घ्या.

मूळ उपाय अंतराचा. तो गल्लीतल्या कुत्र्यांकडे बघतो, पण अजून तुमच्या हातून खातो, ते अंतर शोधा. तिथेच थांबा, दुसरा कुत्रा दिसला की खाऊ, दिसेनासा झाला की खाऊ बंद. अंतर हळूहळू कमी करा. त्याने भुंकायला सुरुवात केली, तर तुम्ही फार जवळ आला आहात. वळा आणि निघा. लोक जिथे कुत्र्यांना खाऊ घालतात ते कोपरे टाळा. गल्लीतल्या कुत्र्यांवर दगड भिरकावू नका, दोन्हीकडचं भुंकणं त्याने वाढतं. रेबीजची लस वेळेवर दिली आहे ना, ते कार्डावर बघून घ्या.

आमच्याकडे एकत्र कुटुंब आहे. दीड वर्षाचा जर्मन शेफर्ड जेवताना सहा वर्षांच्या नातवावर गुरगुरतो. मुलगा त्याला गुरगुरल्याबद्दल मारतो. (महाल)

हे पत्र मला सगळ्यात जास्त काळजीचं वाटलं. कृपया मारणं आज बंद करा. गुरगुरणं ही त्याची सूचना आहे. मार खाऊन तो सूचना देणं सोडेल, भीती सोडणार नाही, आणि मग एके दिवशी न गुरगुरता चावेल. समोर सहा वर्षांचं मूल आहे.

आजपासून कुत्रा दार लावलेल्या खोलीत जेवेल. मूल त्या खोलीत जाणार नाही, हाड किंवा खेळणं चघळणाऱ्या कुत्र्याजवळही जाणार नाही, आणि दोघं एकटे कधीच राहणार नाहीत. त्याच्या भांड्यात हात घालून ‘सवय लावणं’ बंद. मोठ्या माणसाने लांबून जाताना चिकनचा तुकडा भांड्याकडे टाकावा आणि पुढे निघून जावं. माणूस जवळ आला की जेवण जात नाही, वाढतं, हे त्याला अनेक दिवस कळू द्या.

त्याला आधी डॉक्टरांना दाखवा. या जातीत खुब्याचा त्रास होतो, आणि दुखणारा कुत्रा चिडका होतो. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तपासणीची सोय आहे. खच्चीकरणाबद्दल तिथेच विचारा. भटकणं आणि जागोजागी मूत्र टाकणं त्याने कमी होऊ शकतं, भीतीपोटीची आक्रमकता मात्र त्यावर सोडू नये.

आणि कधी दात लागलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. लस घेतलेला घरचा कुत्रा असला तरी. हळद, तिखट, चुना काही लावू नका.

मे महिन्यात कुत्र्याला फिरवायचं कधी? (सिव्हिल लाइन्स)

पहाटे, ऊन चढायच्या आत. पारा ४५ च्या वर गेलेल्या दिवसाची संध्याकाळही फसवी असते, डांबर उशिरापर्यंत तापलेलं राहतं. हाताची उलटी बाजू सात सेकंद रस्त्यावर ठेवून बघा. ठेववत नसेल तर कुत्र्यालाही नेऊ नका. जाड अस्तराचा हार्नेस घरी येताच काढा. फिरताना तो अडखळू लागला, लाळ घट्ट झाली किंवा हिरड्या लालभडक दिसल्या, तर सावलीत नेऊन अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि लगेच डॉक्टरांकडे निघा.