ॲप्ट एकटे नवे करता येत नाही

प्रश्न : आमच्या वाचनालयात पुस्तकांची देवघेव डेबियन ९ (लिनक्सची एक आवृत्ती) वरील कोहा या ग्रंथालय-प्रणालीत नोंदवली जाते. हल्ली ॲप्टने, म्हणजे पॅकेजेस (प्रोग्रामचे बसवण्याजोगे संच) सर्व्हरवरून आणून बसवणाऱ्या साधनाने, ‘ॲप्ट अपडेट’ केले की ‘४०४ नॉट फाउंड’ असा संदेश येतो. ॲप्ट जुने झाले म्हणून असे होत असेल, तर डेबियन १२ मधील ॲप्टचे पॅकेज उतरवून डीपीकेजीने (हाती असलेले पॅकेज थेट बसवणाऱ्या आज्ञेने) बसवावे का? त्याच्या माहितीत लिबसी६ ची (बहुतेक प्रोग्रामांना लागणाऱ्या लिबसी या मूळ लायब्ररीच्या पॅकेजची) नवी आवृत्ती लागेल, असे लिहिले आहे.
— एक ग्रंथपाल, महाल, नागपूर

उत्तर : कृपया तसे करू नका, करून पाहूही नका. डेबियन ९ मध्ये लिबसी २.२४ आहे, तर १२ मध्ये २.३६, आणि डीपीकेजी अशा पॅकेजमधील फाइली आधी जागेवर ठेवते, त्याला लागणारी इतर पॅकेजेस आहेत की नाहीत हे नंतर तपासते. त्यामुळे नुसत्या प्रयत्नातही चालू असलेले ॲप्ट पुसले जाऊन त्या जागी न चालणारे ॲप्ट येते.

मुळात दोष ॲप्टचा नाही. डेबियन ९ चा दीर्घकालीन आधार ३० जून २०२२ रोजी संपला आणि त्यानंतर त्याची पॅकेजेस नेहमीच्या सर्व्हरवरून डेबियनच्या आर्काइव्हमध्ये (जुन्या आवृत्त्यांच्या साठ्यात) हलवली गेली. तुमचा संगणक अजून जुन्याच पत्त्यावर जातो.

सर्वांत आधी ‘कोहा-डंप’ने नोंदींची प्रत काढून ती पेनड्राइव्हवर ठेवा, कारण संगणक पुन्हा उभा करता येतो, वर्षानुवर्षांच्या नोंदी येत नाहीत. मग सोर्सेस-लिस्टमध्ये (ॲप्ट पॅकेजेस कुठून घेते त्या स्रोतांच्या यादीत) आर्काइव्हचा पत्ता घाला, कोहाचा स्वतंत्र स्रोत तात्पुरता बंद ठेवा आणि ९ ची शेवटची पॅकेजेस घेऊन १०, ११, १२ असे क्रमाने चढा. डेबियनमध्ये मधली आवृत्ती गाळण्याची सोय नाही. प्रत्येक टप्प्यावर ‘ॲप्ट फुल-अपग्रेड’ केले की त्या आवृत्तीचे ॲप्ट आपोआप येते. ११ वर जाताना सुरक्षा-स्रोताच्या नावाकडे विशेष लक्ष द्या : आधीचे ‘बस्टर/अपडेट्स’ होते, पुढचे ‘बुल्सआय-सिक्युरिटी’ आहे (बस्टर म्हणजे १०, बुल्सआय म्हणजे ११). केवळ आवृत्तीचे नाव बदलल्यास इथे पुन्हा तोच ४०४ दिसतो.

आपल्याकडे उन्हाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून हे काम यूपीएसवरच करावे. तरीही मध्येच खंड पडला, तर ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ ही आज्ञा अर्धवट राहिलेली पॅकेजेस मार्गी लावते.

त्या संगणकावर कोहाखेरीज विशेष काही नसेल, तर मात्र दुसऱ्या डिस्कवर डेबियन १२ व कोहा नव्याने बसवून ‘कोहा-रिस्टोर’ने नोंदी भराव्यात, असे मी सुचवीन. जुनी डिस्क तशीच राहत असल्याने त्या काळात देवघेव थांबवावी लागली, तरी परतीची वाट मोकळी असते.