गिअरबॉक्स उतरवण्याआधी एक नळी काढून बघा

प्रश्न: काका, नमस्कार. आमच्याकडे बाबांची १९८३ची मर्सिडीज २३० ई आहे. पेट्रोल, ऑटोमॅटिक. बाबा गेल्यापासून दर रविवारी मीच ती बाहेर काढते. निघताना गाडी छान चालते. वीसेक मिनिटांत तापली, की सिग्नलला ब्रेक दाबून थांबल्यावर इंजिन थरथरतं आणि बंद पडतं. गेल्या रविवारी मुंबई नाक्यावर तीनदा बंद पडली. न्यूट्रलला टाकून चावी फिरवली की लगेच चालू होते. हल्ली गिअर पडताना झटका बसतो. पावसाळ्यापासून गिअर ऑइल दोनदा भरावं लागलं, पण पार्किंगच्या फरशीवर थेंबभरही डाग नाही. सकाळी मागून पांढरट धूर येतो. गॅरेजमध्ये सांगितलं, गिअरबॉक्स गेला, उतरवून पूर्ण खोलावा लागेल. खर्च लाखाच्या घरात. काय करू?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर: ताई, गिअरबॉक्सला अजून कुणाला हात लावू देऊ नका. तुम्ही पत्रात सगळं नीट लिहिलंय, आणि त्यातली एक ओळ मी दोनदा वाचली: ऑइल कमी होतंय, पण फरशीवर डाग नाही. मग ते ऑइल जातंय कुठे? माझा अंदाज असा, की तुमचं इंजिन ते पितंय. सकाळचा पांढरा धूर त्याचाच.

आधी ‘डी’मध्येच, म्हणजे पुढे जायच्या गिअरमध्येच, का बंद पडते ते सांगतो. साध्या गाडीत आपण क्लच दाबतो आणि इंजिन मोकळं होतं. ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो, तो इंजिन आणि गिअरबॉक्स ऑइलने जोडतो. ब्रेक दाबून थांबलात तरी त्यातलं ऑइल इंजिनला ओढ देतच असतं. धडधाकट इंजिन ती ओढ सहज सोसतं. अशक्त असेल तर मान टाकतं. म्हणजे ‘डी’त बंद पडणं हा गिअरबॉक्सचा गुन्हा ठरत नाही. काही नव्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा लॉक-अप क्लच अडकला की गाडी थांबताना इंजिन बंद पडतं, पण तुमच्या मॉडेलला तो क्लचच नाही.

आता इंजिन अशक्त का? तुमच्या गाडीत इंजिनला पेट्रोल पुरवायची बॉशची के-जेट्रॉनिक पद्धत आहे. कॉम्प्युटर नाही, सगळं यांत्रिक. आत येणारी हवा एक गोल तबकडी सरकवते, आणि तबकडी जितकी सरकेल तितकं पेट्रोल सुटतं. मधेच कुठे नळी फाटली, की जकात नाका चुकवून शिरलेल्या मालासारखी हवा न मोजता आत जाते. तिच्या वाट्याचं पेट्रोल मिळत नाही. आम्ही म्हणतो, गाडी एअर घेतेय. थंड असताना हा दोष झाकला जातो, कारण तेव्हा वॉर्म-अप रेग्युलेटर मिश्रणात पेट्रोल वाढवून देतो आणि जादा हवेची वाटही उघडी असते. गाडी तापली की दोन्ही बंद होतात. तुमची वीस मिनिटं तिथे जुळतात.

सिग्नलला तुम्ही दोन गोष्टी एकदम करता: गाडी ‘डी’त असते आणि पाय ब्रेकवर असतो. त्या वेगळ्या करा. गाडी तापलेली, सपाट जागा, चाकांना विटा, हँडब्रेक ओढलेला, लिव्हर ‘पी’वर, म्हणजे पार्किंगला. इंजिन चालू ठेवून ब्रेक जोरात दाबून धरा आणि कान द्या. या गाड्यांत बऱ्याचदा आरपीएमच्या काट्याच्या जागी मोठं घड्याळ असतं, म्हणून कानावरच भरवसा. ‘पी’मध्येसुद्धा ब्रेक दाबल्यावर आवाज खाली बसला, पेडलपाशी फुस्स ऐकू आलं, तर इंजिनच्या शोषणावर ब्रेकला जोर देणाऱ्या ब्रेक बूस्टरचा पडदा फाटलाय, आणि हवा तिथून शिरतेय. मग गाडी चालवूच नका, आधी बूस्टर करून घ्या.

आवाज हलला नाही, तर माझा संशय पक्का होतो: व्हॅक्यूम मॉड्युलेटर. गिअरबॉक्सच्या अंगाला बसवलेली, एका नळीने इंजिनला जोडलेली लहानशी डबी असते. इंजिनवर किती भार आहे हे ती व्हॅक्यूमवरून, म्हणजे इंजिनच्या शोषणावरून, ओळखते आणि त्याप्रमाणे गिअर हळू पडायचा की जोरात हे ठरतं. तिच्या आतला रबरी पडदा फाटला, की इंजिन त्या नळीतून गिअर ऑइल ओढून घेतं आणि जाळतं. व्हॅक्यूमचा निरोप नीट पोचत नाही म्हणून गिअर झटक्याने पडतो. ऑइल, धूर, झटका, सगळं एकाच ठिकाणी येतं. वर तेलकट झालेले प्लग आणि न मोजलेली हवा, म्हणून इंजिन सिग्नलला टिकत नाही.

साधारण पंधरा वर्षांपूर्वी नाशिकच्याच द्वारका चौकाजवळच्या एका गृहस्थांच्या गाडीचा गिअरबॉक्स मी अशाच लक्षणांवर उतरवला होता. क्लच प्लेटा चांगल्या निघाल्या. तीन दिवसांनी बसवला, आणि गाडी कोपऱ्यावर पुन्हा बंद पडली. मग मॉड्युलेटरची नळी उपसली, तर लाल ऑइल माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. त्यांची मजुरी मी परत केली, पण चांगला गिअरबॉक्स उगाच उघडल्याची बोच अजून आहे. म्हणूनच तुम्हाला इतक्या कळकळीने थांबवतोय.

तेव्हा गाडी लिफ्टवर घ्या, इंजिन बंद आणि थंड असताना मॉड्युलेटरची नळी काढायला सांगा, आणि तुम्ही स्वतः शेजारी उभं राहून बघा. नळी आतून कोरडी हवी. पांढऱ्या कापडाचा पीळ आत घालून बाहेर काढा. लाल आला, तर मॉड्युलेटर बदला, नळीही नवी घाला, प्लग काढून साफ करा. नव्या डबीच्या टोकाला रबरी टोपी असते, तिच्या आत प्रेशर जुळवायची किल्ली असते. प्रेशर गेज लावल्याशिवाय ती कुणालाही फिरवू देऊ नका. ऑइलची पातळी गाडी गरम, इंजिन चालू आणि ‘पी’वर असतानाच मोजा. बंद गाडीत मोजून भरलं असेल, तर तो आकडा चुकीचा आहे.

पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्याही याच फेरीत बदलून टाका. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि चाळीस वर्षांपूर्वीचं रबर त्यासाठी बनवलेलं नाही.

नळी कोरडी निघाली तर मला पुन्हा लिहा. इंजिन दर वेळी थरथरतच मरतं, की कधी दिवा मालवल्यासारखं एकदम गप्पही होतं, ते त्यात जरूर कळवा. एकदम गप्प होत असेल तर आपण गाडीतल्या पेट्रोल पंपाच्या रिलेपासून, म्हणजे त्या पंपाला वीज देणाऱ्या स्विचपासून, सुरुवात करू.