म्युनिकला निघण्यापूर्वी: खानापूरहून आलेल्या प्रश्नाचे उत्तर

जोडीने उडणाऱ्या उपग्रहांच्या अचूक कक्षा काढण्याच्या विषयात म्युनिकजवळ पीएचडीची जागा मिळाली आहे, पत्नी आणि आठ वर्षांची मुलगी सोबत येणार आहेत, तर तयारी काय करावी, असे तुम्ही खानापूरहून विचारले आहे. व्हिसाचे नियम दूतावासाकडे मिळतील. मी बेळगावचा, इथे याच विषयात काम करतो; मला जे उशिरा कळले तेवढेच लिहितो.

टेरासार-एक्स आणि टॅनडेम-एक्स या काहीशे मीटर अंतराने उडणाऱ्या जर्मन रडार-उपग्रहांच्या जोडीतील अंतर जीपीएसवरून सुमारे १ मिलिमीटरपर्यंत काढावे लागते, कारण तेवढी चूकही उंचीच्या नकाशात जवळपास १ मीटरची होते. दोन रिसीव्हरांची आणि दोन जीपीएस उपग्रहांची मोजमापे परस्परांतून वजा केली की घड्याळांच्या चुका निघून जातात, इतक्या जवळ आयनांबराचा (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा) परिणामही बहुतांशी जातो, आणि उरतो तो पूर्ण लहरींचा प्रश्न: जीपीएसच्या एल-१ या संकेताची लहर १९ सेंटिमीटरची असते, पण उपग्रह आणि रिसीव्हर यांच्यामध्ये किती पूर्ण लहरी आहेत हे रिसीव्हर सांगत नाही. ती संख्या शोधण्याची नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या ट्यूनिसेन यांची लॅम्डा पद्धत सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळते, तरी एकदा स्वतः लिहून काढा. मी लिहिली नव्हती, आणि चुकीने पक्क्या केलेल्या एका पूर्णांकात माझे पहिले सहा महिने गेले. थ्रस्टरच्या, म्हणजे उपग्रहाला ढकलणाऱ्या छोट्या इंजिनांच्या, लहानशा धक्क्यांचीही गणितात नोंद ठेवा.

हे काम परदेशातच होते असे मात्र समजू नका. इस्रोच्या स्पेडेक्स या प्रयोगातले दोन उपग्रह १६ जानेवारी २०२५ रोजी अवकाशात एकमेकांना जोडले गेले, आणि त्यांची सापेक्ष कक्षाही जीपीएससारख्या उपग्रह-दिक्चालनाच्या संकेतांवरूनच काढली जात होती. ती बातमी मी इथे एकट्याने वाचली आणि बराच वेळ काम करू शकलो नाही.

कागदपत्रांचे एवढेच सांगतो, की माझ्या पासपोर्टवर ‘बेलगाम’ आहे, मुलीच्या पासपोर्टवर ‘बेळगावी’, आणि ही दोन गावे नसून १ नोव्हेंबर २०१४ रोजी अधिकृत नाव बदलले, हे पटवण्यासाठी मला एका कार्यालयात चार खेपा घालाव्या लागल्या. जन्मदाखला कन्नडमध्ये असेल तर इंग्रजी प्रत तिथूनच घेऊन या. कन्नडचा अधिकृत अनुवादक इथे सहज सापडत नाही.

एकटेपणाबद्दलही तुम्ही विचारले आहे. तो असतो, आणि कामात निभावतो.

शाळेचे मात्र मला अजून निभावता आलेले नाही. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. १ ही सर्वोत्तम श्रेणी; जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असली तरच गिम्नाझियमसाठी, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेसाठी, पात्र ठरवतात. माझ्या मुलीला गणितात २, परिसर अभ्यासात २, जर्मनमध्ये ४ होते, म्हणजे सरासरी २.६६. अशा मुलांसाठी तीन दिवसांचे चाचणी-वर्ग असतात, त्यातून प्रवेश मिळू शकतो. ते पालकसभेत सांगितले गेले, आणि त्या संध्याकाळी मी दोन उपग्रहांमधील आधाररेषेचे, म्हणजे अंतराचे, आकडे तपासत प्रयोगशाळेत बसलो होतो. शिक्षिकेने नंतर वेगळे कळवले नाही, याचा मला राग आहे. पण सभेला जायचे होते मीच. मुलगी आता रेआलशूलेत, म्हणजे गिम्नाझियमच्या खालच्या वाटेवरच्या शाळेत, जाते. शाळा चांगली आहे, आणि तिने मला एकदाही दोष दिलेला नाही.

तुमची मुलगी आठ वर्षांची आहे, म्हणजे चौथीपूर्वी तुमच्या हाती जेमतेम वर्ष आहे. तिचे जर्मन खानापुरातच, याच आठवड्यात सुरू करा, आणि इथे आल्यावर पहिल्या पालकसभेची तारीख प्राध्यापकांना आधीच सांगून ठेवा.