उलट उत्तर की रास्त शंका?

प्रश्न : सहावीतल्या मुलाने फळ्यावरच्या गणितातली चूक भर वर्गात दाखवली. डायरीत शेरा आला, 'उद्धटपणे बोलतो.' गणित त्याचंच बरोबर होतं. माफी मागायला लावू का?

उत्तर : आधी त्याला ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवायला सांगा, स्वरासकट. 'बाई, तिथे वजा हवं ना?' आणि 'बाई, तुम्हाला एवढंही येत नाही?' दोन्हींत गणित एकच. शेरा सहसा दुसऱ्याला मिळतो (पहिल्यालाही मिळालेला मी पाहिलाय!). दुसरं वाक्य निघालं तर माफी मागू दे, पण बोलण्याच्या ढंगाची, उत्तराची नाही. 'मी चुकलो' असं वदवून घेतलंत, तर पुढच्या वेळी बरोबर असूनही तो गप्प बसेल. वाक्य पहिलं असेल तर सहीखाली दोन ओळी लिहा : 'त्याच्याशी बोललो. चूक दाखवण्यापलीकडे त्याच्या मनात काही नव्हतं. अशी शंका त्याने केव्हा विचारलेली चालेल?'

प्रश्न : दोघांनी दंगा केला, खेळाचा तास अख्ख्या वर्गाचा गेला. आठ वर्षांची लेक बाईंना म्हणाली, 'हा अन्याय आहे.' मी तिला म्हटलं, शाळेत असंच असतं. चुकलं का?

उत्तर : हो, माझ्या मते चुकलं. मानसशास्त्रज्ञ एलियट टुरियल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांत दिसलं, की अगदी लहान मुलंही नियमांत फरक करतात. गणवेशाचा नियम बाईंनी बदलला तर बदलला. पण बाई 'चालेल' म्हणाल्या म्हणून कुणाला मारणं मुलांना चालत नाही. तुमच्या लेकीने हाच फरक ओळखला. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातलं 12 वं कलमही सांगतं, की मुलाशी संबंधित बाबींत त्याला मत मांडता यावं आणि वय, समज पाहून त्या मताला वजन मिळावं. मत ऐकलं म्हणजे ते मान्यच केलं असं नाही; पण ऐकलं की मान्य करावं लागेल, ही धास्ती शिक्षकांइतकीच आपल्यालाही असते. आज रात्री तिला एवढंच विचारा, 'तू बाईंच्या जागी असतीस तर काय केलं असतंस?' तिचं उत्तर उद्या तास संपल्यावर, बाई एकट्या असताना, तिनेच सांगावं.

प्रश्न : मुलगा मोजे, केस, रांग, सगळ्यावरच हुज्जत घालतो.

उत्तर : 'हा नियम नसता तर कुणाचं काय बिघडलं असतं?' हे त्यालाच विचारा. रांगेचं उत्तर लगेच मिळेल. मोज्यांचं मिळणार नाही, आणि तसं कबूल करायला हरकत नाही. कारण जरूर विचारावं, पण मोजे घालून.

प्रश्न : सरांना भेटायला जाताना मुलीला सोबत न्यावं का? नववीत आहे.

उत्तर : न्या, आणि आधी तिलाच बोलू द्या. मुद्दे दोनच, कागदावर लिहून. घरी सरांना नावं ठेवून झाली असतील तर तेही तिच्याकडे कबूल करून मग निघा; नाहीतर ती तिथे तुमचीच वाक्यं बोलेल.